प्रत्येक ग्राहकाची स्टाइलशीट सर्व्हरवर तयार करताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत लिहिलेल्या एकाच प्रणालीवर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे चालतात आणि प्रत्येक ग्राहकाला रंग, फॉन्ट, लोगो व मजकुराची रुंदी स्वतः निवडता येते. त्यासाठी तुम्ही नेहमीच्या सीएसएस फाइलच्या, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटच्या, जागी एक पीएचपी फाइल जोडली आहे. ती सेशनमधून, म्हणजे वाचकाच्या भेटीच्या सर्व्हरवर ठेवलेल्या नोंदीतून, ग्राहक ओळखते, डेटाबेसमधून त्याच्या निवडी वाचते आणि सुमारे दोन हजार ओळींची स्टाइलशीट छापून देते. जुन्या पानांवर ती व्यवस्थित लागू होते, नव्या पानांवर तिचा काहीच परिणाम दिसत नाही, आणि जिथे ती चालते तिथेही पान पूर्वीपेक्षा सावकाश उमटते. ही पद्धत मुळातच चुकीची आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

मुळात चुकीची नाही. स्टाइलशीट डिस्कवरच्या फाइलमधून आली की एखाद्या प्रोग्रामने त्या क्षणी लिहून दिली, याच्याशी ब्राउझरला काही देणेघेणे नसते. त्याला दिसतात ते फक्त उत्तराचे हेडर, म्हणजे उत्तराबद्दलच्या माहितीच्या ओळी, आणि त्यामागून आलेला मजकूर. स्टाइलशीट सर्व्हरवर तयार करण्यात काही वावगे नाही, ती प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने तयार होते आहे हे मात्र चुकते आहे. त्याकडे वळण्याआधी नव्या पानांचे कोडे सोडवू, कारण त्याचे कारण अगदी क्षुल्लक आहे.

पीएचपी कोणतेही उत्तर पाठवताना, वेगळे सांगितले नाही तर, कंटेंट-टाइप हेडरमध्ये ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ असे लिहिते. जोडलेल्या स्टाइलशीटचा प्रकार ‘टेक्स्ट/सीएसएस’ नसेल तर ब्राउझर ती चक्क टाकून देतो आणि कन्सोलमध्ये एक ओळ लिहून मोकळा होतो. याला एक अपवाद आहे. पानाच्या सुरुवातीला डॉक्टाइप, म्हणजे एचटीएमएलचा प्रकार सांगणारी ओळ, नसेल तर ब्राउझर जुन्या पानांसाठी राखलेल्या क्वर्क्स मोडमध्ये जातो, आणि त्या मोडमध्ये स्टाइलशीट पानाच्याच ओरिजिनवरून (म्हणजे त्याच संकेतस्थळावरून) आलेली असेल तर चुकीचा प्रकारही खपवून घेतो. तुमच्या जुन्या पानांना डॉक्टाइप नसणार आणि नव्या पानांना तो असणार, असा माझा जवळजवळ खात्रीचा अंदाज आहे. म्हणजे जुनी पाने ‘बरोबर’ चालत नव्हती, त्यांची चूक पोटात घातली जात होती. छपाई सुरू होण्याआधी हेडरमध्ये योग्य प्रकार आणि सोबत यूटीएफ-८ हे कॅरेक्टर सेट लिहा. ही ओळ लिहूनही ‘हेडर आधीच पाठवले गेले आहेत’ अशी तक्रार आली, तर पीएचपीच्या आरंभचिन्हाआधी एखादी मोकळी जागा, रिकामी ओळ किंवा एडिटरने फाइलच्या सुरुवातीला गुपचूप घातलेला बॉम, म्हणजे अक्षरसंच सांगणारी खूण, आहे का ते पाहा. हा बॉम डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे माणूस तासन्‌तास भलतीकडे शोधत बसतो.

आता संथपणाकडे. पानाच्या डोक्यात जोडलेली स्टाइलशीट पूर्ण हाती येईपर्यंत ब्राउझर पान रेखाटत नाही. त्यामुळे तिला लागणारा प्रत्येक मिलिसेकंद वाचकाला कोऱ्या पडद्याच्या रूपाने दिसतो. साधी फाइल असती तर वेब सर्व्हरने ती भाषेच्या इंजिनाला हात न लावता दिली असती, आणि दुसऱ्या पानाच्या वेळी ब्राउझरने ती बहुधा स्वतःच्या कॅशमधूनच, म्हणजे जवळ ठेवलेल्या प्रतींमधूनच, घेतली असती. तुमच्या रचनेत या दोन्ही गोष्टी बंद पडल्या आहेत, आणि दुसरी बंद पाडली आहे ती सेशनने. पीएचपीमध्ये सेशन सुरू केले की मूळ सेटिंगप्रमाणे उत्तरासोबत कॅश न करण्याच्या सूचना आपोआप जातात. त्यांत एक्स्पायर्स हेडरची तारीख असते १९ नोव्हेंबर १९८१. ही तारीख पीएचपीच्या सोर्समध्येच कोरलेली आहे. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये तुमच्या स्टाइलशीटचे हेडर उघडलेत तर ती तिथे भेटेल, आणि भेटली की निदान झाले असे समजा.

सेशनचा दुसरा त्रास कमी प्रसिद्ध आहे. पीएचपी सेशनची माहिती सामान्यतः फाइलमध्ये ठेवते आणि रिक्वेस्ट संपेपर्यंत त्या फाइलला कुलूप लावते. एकाच वाचकाच्या दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या, समजा मागे एखादा अहवाल तयार होतो आहे आणि दुसऱ्या टॅबमध्ये नवे पान उघडले, तर स्टाइलशीट त्या अहवालामागे रांगेत उभी राहते. सेशन फक्त वाचून लगेच बंद करण्याची सोय पीएचपी ७.० पासून आहे, पण इथे मी त्या वाटेने जाणारच नाही. स्टाइलशीटला सेशनची गरज पडता कामा नये. ग्राहक कोण हे पत्त्यातूनच कळले पाहिजे.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रणालीत सर्व ग्राहकांची स्टाइलशीट एकाच पत्त्यावर होती आणि कुकी, म्हणजे ब्राउझर प्रत्येक रिक्वेस्टसोबत पाठवतो ती छोटी नोंद, पाहून मजकूर बदलत असे. पुढे आम्ही मध्ये एक सामायिक कॅश बसवला आणि ‘सीएसएससाठी कुकीकडे दुर्लक्ष कर’ असा नियम मीच मोठ्या उत्साहाने लिहिला. त्या दिवशी सकाळी ज्या ग्राहकाचे पान पहिल्यांदा उघडले गेले, त्याचे रंग आणि लोगो दुपारपर्यंत सगळ्यांच्या संकेतस्थळांवर झळकत होते. उत्तर कशावरून बदलते हे कॅशला सांगणाऱ्या व्हेरी हेडरमध्ये ‘कुकी’ असे लिहिले असते आणि कॅशने ते पाळले असते तर हे टळले असते. पण मग प्रत्येक वाचकाची कुकी वेगळी असल्याने कॅशचा उपयोगही शून्य झाला असता. मजकूर वेगळा असेल तर पत्ता वेगळा हवा. या नियमाला मी तेव्हापासून अपवाद केलेला नाही.

आता मूळ मुद्दा. स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही स्टाइलशीट नक्की कधी बदलते? ग्राहक सेटिंगच्या पानावर जाऊन ‘जतन करा’ दाबतो तेव्हा, किंवा तुम्ही टेम्पलेटची नवी आवृत्ती चढवता तेव्हा. म्हणजे महिन्यातून चार-दोन वेळा. ती मागितली जाते मात्र दिवसातून हजारो वेळा. बदल होतो त्या क्षणी काम करा आणि मागणीच्या वेळी फक्त तयार फाइल द्या. तुमचा सध्याचा पीएचपी कोड जवळजवळ तसाच राहू शकतो. तो चालण्याची वेळ तेवढी बदलायची आहे.

त्याआधी त्या दोन हजार ओळींकडे नीट पाहा. त्यांतल्या किती ओळी ग्राहकानुसार खरोखर बदलतात? माझ्या पाहण्यात हा आकडा तीस-चाळीसच्या पुढे फारसा जात नाही. सीएसएसमध्ये आता स्वतःचे व्हेरिएबल, म्हणजे कस्टम प्रॉपर्टीज, आहेत. फायरफॉक्समध्ये त्या २०१४ मध्ये आल्या, क्रोम आणि सफारीमध्ये मार्च २०१६ मध्ये, आणि त्या न समजणाऱ्या इंटरनेट एक्स्प्लोरर ११ चा आधार मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये काढून घेतला. त्यामुळे सर्वांना समान असलेली मोठी स्टाइलशीट साधी, स्थिर फाइल ठेवा आणि तिच्यात रंगांच्या जागी व्हेरिएबलची नावे वापरा. ग्राहकाची फाइल मग फक्त त्या व्हेरिएबलना किमती देईल आणि एक-दोन किलोबाइटच्या आत संपेल. सॅस किंवा लेस या सीएसएस तयार करून देणाऱ्या भाषा वापरत असाल तर हा फरक लक्षात घ्या की त्यांची व्हेरिएबल कंपाइल होताना विरघळून जातात. प्रत्येक ग्राहकासाठी सॅस पुन्हा कंपाइल करणे शक्य आहे, पण चारशे ग्राहक असतील तर एका बटणाची कड बदलायला चारशे मोठ्या फाइल नव्याने घडवाव्या लागतील.

काही गोष्टी मात्र व्हेरिएबलने साधत नाहीत, आणि तिथे सर्व्हरला खरे काम आहे. मीडिया क्वेरीच्या, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम लावणाऱ्या भागाच्या, अटीत व्हेरिएबल चालत नाही. त्यामुळे कोणत्या रुंदीला मांडणी बदलावी हे ग्राहक ठरवणार असेल, तर ती संपूर्ण क्वेरी सर्व्हरनेच लिहिली पाहिजे. फॉन्ट-फेसच्या नियमातही ते चालत नाही, म्हणून ग्राहकाचा फॉन्ट जोडणाऱ्या ओळीही त्याच्या फाइलमध्ये जातील. रंगाच्या फिकट-गडद छटा ब्राउझर स्वतः काढू शकतो, कारण कलर-मिक्स हे फंक्शन २०२३ च्या मध्यापासून सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. तरीही एक गणित मी सर्व्हरवरच करतो, ते म्हणजे रंगावर उठून दिसणारे अक्षर काळे हवे की पांढरे.

हे गणित थोडे जवळून दाखवतो. ग्राहक हौसेने पिवळा रंग निवडतो: लाल २५५, हिरवा २०४, निळा ०. तुमच्या टेम्पलेटमध्ये बटणावरचे अक्षर पांढरे आहे. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतल्या सूत्राप्रमाणे प्रत्येक घटक आधी ० ते १ मध्ये आणून त्याचे गॅमा रूपांतर करायचे, मग लालला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला ०.०७२२ असे वजन देऊन बेरीज करायची. या पिवळ्याची सापेक्ष उजळता साधारण ०.६४ येते. पांढऱ्याची १ आणि काळ्याची ० असते. दोन्ही उजळतांत ०.०५ मिळवून मोठीला लहानीने भागले की पांढऱ्या अक्षराचे प्रमाण दीडास एक येते आणि काळ्याचे जवळजवळ चौदास एक. साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ हवे. म्हणजे पांढरे अक्षर इथे निरुपयोगी आहे, आणि हे ग्राहकाला कळण्याआधी प्रोग्रामला कळले पाहिजे. ‘जतन करा’ दाबल्यावर हे दोन आकडे काढायचे, मोठे प्रमाण देणारा रंग निवडायचा आणि ‘मुख्य रंगावरचे अक्षर’ अशा नावाचे व्हेरिएबल फाइलमध्ये लिहून द्यायचे. पंधरा ओळींचे काम आहे, आणि ग्राहकांच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

फाइल लिहिण्याची पद्धतही ठरवून घ्या. ग्राहकाच्या सर्व निवडी आणि टेम्पलेटची आवृत्ती यांवरून तयार झालेल्या मजकुराचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, काढा आणि त्याची पहिली दहा-बारा अक्षरे फाइलच्या नावात घाला. हे नाव ग्राहकाच्या नोंदीत साठवा म्हणजे पान तयार करताना तेच जोडले जाईल. मजकूर बदलला की नाव बदलते आणि जुन्या नावाची फाइल कधीच बदलत नाही. त्यामुळे तिच्या कॅश-कंट्रोल हेडरमध्ये ३१५३६००० सेकंद, म्हणजे एक वर्ष, आणि सोबत ‘इम्यूटेबल’ (कधीच न बदलणारी) असे निर्धास्तपणे लिहिता येते. हॅश पत्त्याच्या मार्गातच ठेवा, प्रश्नचिन्हामागे नको. प्रश्नचिन्हामागे काहीही लिहिले तरी सर्व्हर तीच एक फाइल देतो, त्यामुळे जुने पान नव्या रंगांसह दिसण्याची शक्यता उरते.

लिहिताना थेट अंतिम नावाने लिहू नका. आधी त्याच डिस्कवर तात्पुरत्या नावाने लिहा आणि मग नाव बदला. एकाच फाइलसिस्टीममधले नामांतर अखंड असते, त्यामुळे अर्धवट लिहिलेली फाइल कोणाच्या हाती पडत नाही. वर्षभर कॅश करायला सांगितलेली फाइल अर्धवट गेली तर काय होईल, याचा विचार करून पाहा. जुन्या फाइलही लगेच पुसू नका. कोणाच्या टॅबमध्ये किंवा एखाद्या सीडीएनवर (पानांच्या प्रती ठेवून वाटणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) कालचे पान असते आणि ते कालचीच फाइल मागते. मी त्या तीस दिवस ठेवतो. नवा सर्व्हर जोडला किंवा ती निर्देशिका चुकून पुसली गेली, तर वेब सर्व्हरला असे सांगून ठेवा की फाइल सापडली तर ती दे, नाहीतर निर्मितीच्या स्क्रिप्टकडे पाठव. एनजिनएक्स आणि अपाचे या दोन्ही वेब सर्व्हरांत ही सोय एक-दोन ओळींत होते. त्या स्क्रिप्टने पत्त्यातला हॅश ग्राहकाच्या सध्याच्या हॅशशी जुळतो का ते तपासावे, आणि जुळत नसेल तर नवा मजकूर जुन्या नावाने मुळीच देऊ नये.

ग्राहकाची फाइल इतकी लहान असेल तर ती वेगळी न पाठवता पानाच्या डोक्यातच स्टाइल टॅगमध्ये का घालू नये, हा पुढचा प्रश्न तुम्हाला सुचेल. घालता येते, एक फेरी वाचते. पण पानात काय चालू द्यायचे हे ठरवणारी कडक कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी तुम्ही लावली असेल तर अशा टॅगला सामान्यतः दर वेळी नवा नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायची खूण, द्यावा लागतो, आणि तो दिला की पूर्ण पान कॅश करणे अवघड होते. शिवाय टॅगमध्ये ग्राहकाचा मजकूर उतरवणे हे फाइलपेक्षा अधिक धोक्याचे आहे. तुमच्या कोडमध्ये नेमका हाच धोका मला सर्वांत मोठा वाटतो, म्हणून त्यावर थोडा थांबतो.

तुम्ही रंगाची किंमत डेटाबेसमधून जशीच्या तशी छापता आणि ‘सुरक्षेसाठी’ एचटीएमएलची विशेष चिन्हे बदलणारे फंक्शन तिच्यावरून फिरवता. ते फंक्शन एचटीएमएलसाठी आहे, सीएसएससाठी नाही. रंगाच्या खान्यात कोणी अर्धविराम आणि महिरपी कंस टाकून पुढे स्वतःचा नियम लिहिला, तर ते फंक्शन त्याला हातही लावत नाही. त्या नियमात एखाद्या खान्याची व्हॅल्यू अमुक अक्षराने सुरू होत असेल तर अमुक पत्त्यावरून पार्श्वचित्र आण, असे लिहिता येते. ते चित्र मागितले गेले की समोरच्याला ते अक्षर कळले. स्क्रिप्टचा एक शब्दही न लिहिता अशा रीतीने पानातल्या गुप्त टोकनची अक्षरे एकेक करून काढता येतात. स्टाइल टॅगमध्ये याहून वाईट होऊ शकते, कारण तिथे टॅग बंद करणारी खूण मजकुरात आली की ब्राउझर पुढचे सगळे एचटीएमएल म्हणून वाचतो.

चिन्हे बदलत बसण्यापेक्षा मजकूर साठवूच नका, हा माझा उपाय. रंग म्हणजे ० ते २५५ मधले तीन पूर्णांक. तेच साठवा आणि छापताना त्यांच्यापासून रंग नव्याने लिहा. रुंदी म्हणजे ठरावीक मर्यादेतला पूर्णांक. फॉन्ट म्हणजे तुमच्या यादीतला क्रमांक. लोगोच्या फाइलचे नाव तुमच्या प्रोग्रामने दिलेले असावे, ग्राहकाने नव्हे. रंग फॉर्ममधून सहा अक्षरांच्या स्वरूपात येत असेल आणि तुम्ही तो रेग्युलर एक्स्प्रेशनने तपासत असाल, तर पीएचपीमध्ये डॉलरचे चिन्ह शेवटच्या नव्या ओळीआधीही जुळते हे ध्यानात ठेवा आणि मजकुराचा खरा शेवट दाखवणारी खूण वापरा. ‘आम्हाला आमचे स्वतःचे सीएसएस लिहायला खाना द्या’ अशी मागणी ग्राहकांकडून हमखास येते. ग्राहकाचे संकेतस्थळ आणि तुमचे प्रशासनाचे पान एकाच डोमेनवर असेल तर मी ती नाकारतो.

किमती तपासण्याला आणखी एक कारण आहे. साध्या नियमात रंग चुकीचा असेल तर ब्राउझर ती ओळ सोडतो आणि आधीची ओळ लागू राहते. व्हेरिएबलमधून चुकीची किंमत आली तर तसे होत नाही: चूक उशिरा कळते, आधीची ओळ तोवर बाद झालेली असते, आणि पार्श्वभूमी पारदर्शक होऊन बसते. व्हेरिएबलसोबत दिलेली पर्यायी किंमतही तिथे मदतीला येत नाही, कारण ती व्हेरिएबल मुळात नसेल तेव्हाच वापरली जाते.

अंकांबद्दल एक सावधगिरी. पीएचपी ८.० च्या आधी अपूर्णांक छापताना लोकेलप्रमाणे, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे, दशांशचिन्ह बदलत असे. जर्मन लोकेल लावलेल्या सर्व्हरवर दीडच्या जागी ‘१,५’ असे छापले जाई आणि सीएसएसमध्ये त्या ओळीला काही अर्थ उरत नसे. आता तो त्रास गेला, पण इंटल एक्स्टेन्शनचा अंक-फॉरमॅटर मराठी लोकेलने वापरलात तर तो देवनागरी अंक देतो, आणि सीएसएसला फक्त इंग्रजी अंक कळतात. वाचकासाठी अंक सजवणारे फंक्शन स्टाइलशीटच्या आसपास फिरकू देऊ नका.

फाइल नव्या निर्देशिकेत हलवल्यावर पार्श्वचित्रे गायब झाली तर घाबरू नका. स्टाइलशीटमधले सापेक्ष पत्ते पानाच्या नव्हे, तर स्टाइलशीटच्या स्वतःच्या पत्त्यावरून मोजले जातात. तयार होणाऱ्या फाइलमध्ये मुळापासूनचा पूर्ण मार्ग लिहिला की प्रश्न संपतो. निर्मितीच्या स्क्रिप्टमध्ये चुकांचे संदेश पडद्यावर छापणेही बंद ठेवा, ते लॉगमध्ये जाऊ द्या. दोन नियमांच्या मध्ये एखादी वॉर्निंग छापली गेली तर सीएसएसचा पार्सर तिला पुढच्या नियमाच्या सिलेक्टरचाच भाग समजतो आणि तो पुढचा, निर्दोष नियम टाकून देतो. मग तुम्ही त्या बिचाऱ्या नियमात चूक शोधत बसता.

मागणीच्या वेळी स्टाइलशीट घडवणे मला एकाच ठिकाणी योग्य वाटते, ते म्हणजे सेटिंगच्या पानावरचे पूर्वदृश्य. तिथे पाहणारा एकटा असतो, निवड दर क्षणाला बदलत असते आणि काहीच साठवायचे नसते. तिथे तुमची आत्ताची पीएचपी फाइल कॅश बंद ठेवून खुशाल वापरा, फक्त निर्मितीचा कोड दोन्हीकडे एकच असू द्या. पूर्वदृश्यासाठी वेगळा आणि खऱ्या फाइलसाठी वेगळा कोड झाला की दोन महिन्यांत दोघांचे रंग जुळेनासे होतात.

सुरुवात कंटेंट-टाइपच्या ओळीपासून करा, ती आजच टाकता येईल. त्यानंतर किमती पूर्णांकांत आणा, कारण धोका तिथे आहे. फाइल वेगळी काढणे आणि हॅशचे नाव हे पुढच्या आठवड्याचे काम समजा. ते झाल्यावर नेटवर्क टॅबमध्ये पुन्हा पाहा: दुसऱ्या पानाला स्टाइलशीटसमोर ‘कॅशमधून’ असे दिसले आणि १९८१ ची तारीख गेलेली असली, की तुमचे काम झाले.